कुजवणारे जंतू आणि आपले ताट

'जंतू' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर रोगच उभा राहतो. हगवण, विषमज्वर, क्षय, धनुर्वात! जंतूंपासून बचाव कसा करावा हे आपण नेहमी वाचतो. आज मात्र थोडे उलट बोलायचे आहे. निसर्गातील असंख्य जंतूंपैकी माणसाला आजारी पाडणारे फार थोडे. बाकीचे आपापल्या कामात गुंतलेले असतात आणि त्यांच्यापैकी एका मोठ्या वर्गाचे काम एकच, जे मेले आहे ते कुजवून पुन्हा मातीत मिळवणे. हे काम थांबले तर झाडांची गळलेली पाने, गुरांचे शेण आणि मेलेले प्राणी यांच्या राशी साचतील आणि पुढच्या पिकाला खायला काही उरणार नाही.

म्हणजे कुजणे ही घाण नव्हे. ती मातीची पचनक्रिया आहे. आपल्या पोटाप्रमाणेच या पचनाचेही नियम आहेत. नियम पाळले तर अंगी लागते, मोडले तर बाधते. आणि काही पदार्थ असे आहेत की जे कोणत्याही पोटाला पचत नाहीत. या लेखात या दोन्ही गोष्टी पाहू.

पूर्वीचा उकिरडा आणि आजचा उकिरडा

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचे पेण तालुक्यातील जिते घ्या किंवा आसपासचे दुसरे कोणतेही गाव घ्या. पूर्वी घरचा कचरा म्हणजे काय असे? गोठ्यातील शेण आणि उरलासुरला पेंढा, चुलीतील राख, केळीची सोपटे, भाजीची देठे, मासळीचे काटे. हे सारे परसातल्या उकिरड्यात जाई आणि पावसाच्या तोंडावर त्याचे खत शेतात जाई. कोणी शिकवले नव्हते, पण चक्र पुरे होत होते.

आज उकिरडा त्याच जागी आहे, पण त्यात काय पडते ते एकदा काठीने उकरून पाहा. प्लास्टिकच्या पिशव्या, रिमोटचे संपलेले सेल, गोळ्यांची पाकिटे, फुटकी ट्यूबलाइट, रंगाचे रिकामे डबे, तेलाने माखलेल्या चिंध्या. मग हे सगळे कुजत नाही म्हणून कोणीतरी काडी लावतो. प्लास्टिकचा धूर श्वासाबरोबर मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीत जातो. उरलेली राख 'खत' म्हणून वाफ्यात जाते. इथेच खरा धोका आहे आणि त्याकडे आपण पुढे येऊच. आधी जे कुजते त्याचे बोलू.

जंतूंचे जेवण : भात आणि डाळ

कचरा कुजवणाऱ्या जंतूंना चार गोष्टी लागतात : कर्ब, नत्र, पाणी आणि हवा. कर्ब म्हणजे त्यांचा भात, त्यातून त्यांना शक्ती मिळते. नत्र म्हणजे त्यांची डाळ, त्यातून त्यांचे शरीर बनते. सुकी पाने, पेंढा, लाकडाचा भुसा, झावळ्यांचे तुकडे यांत कर्ब भरपूर असतो. शेण, हिरवे गवत, भाजीपाल्याचा कचरा, मासळीची घाण यांत नत्र जास्त असते. कर्बाचे २५ ते ३० भाग आणि नत्राचा १ भाग असे प्रमाण जंतूंना मानवते. घरी वजनकाटा घेऊन बसण्याची गरज नाही. एक टोपली ओला कचरा असेल तर दोन ते तीन टोपल्या सुका पाला घालावा, म्हणजे साधारण हिशेब जुळतो.

नुसता भात वाढला तर जंतू उपाशी राहतात आणि ढीग महिनोन् महिने तसाच पडून राहतो. नुसती डाळ झाली तर जादा नत्र अमोनिया होऊन उडून जाते आणि नाक धरण्याची पाळी येते.

पाण्याची परीक्षा मुठीत होते. ढिगातला मूठभर कचरा घट्ट पिळावा. हात ओला झाला आणि एक-दोन थेंब गळले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाणी जास्त झाले, हात कोरडा राहिला तर कमी.

हवा सर्वांत महत्त्वाची. हवेवर जगणारे जंतू जोरात काम करतात आणि काम करताना उष्णता निर्माण करतात. नीट रचलेल्या ढिगात तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसेल. आतील उष्णतामान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. आरोग्याच्या दृष्टीने हीच मोक्याची गोष्ट आहे. ५५ अंशांवरची उष्णता काही दिवस टिकली तर हगवण आणि विषमज्वराचे जंतू, पोटातील कृमींची अंडी आणि तणांचे बी यांचा बहुतांशी नाश होतो. ढिगाची बाहेरची बाजू मात्र थंडच राहते. म्हणून ढीग उलथायचा तो बाहेरचे आत आणि आतले बाहेर असा.

पुढे ढीग निवतो. मग बुरशी आणि तिच्यासारखे धागेदार जंतू कामाला लागतात, शेवटी गांडुळे येतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तसा वास खताला आला, ते काळसर आणि भुसभुशीत झाले आणि मूळ पाला ओळखू येईनासा झाला, की खत तयार झाले असे समजावे.

हे शास्त्र बाहेरून आलेले नाही

ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली गेली ती आपल्याच देशात. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतकऱ्यांच्या जुन्या अनुभवावर प्रयोग केले. पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर, ठरावीक दिवसांनी उलथणे, ही 'इंदूर पद्धत' जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका, यांनी शेण कमी असलेल्या शेतकऱ्याचा विचार केला. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाकी, तिच्यात पाला, माती आणि थोड्या शेणाचा काला यांचे थर, आणि वरून लिंपण. भिंतीतून हवा खेळत असल्याने ढीग उलथावा लागत नाही. तीन-चार महिन्यांत खत मिळते. थोड्याशा शेणात पुष्कळ खत, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य.

कोकणच्या पावसात काय करावे?

पुस्तकात खड्डा खणायला सांगितलेले असते. तो सल्ला कमी पावसाच्या मुलखाला योग्य आहे. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जुलैत खड्ड्याचे डबके होते, हवेवर जगणारे जंतू गुदमरतात आणि त्यांच्या जागी हवेशिवाय जगणारे जंतू येतात. मग सडक्या अंड्यासारखा वास, अळ्या आणि माश्या! म्हणून पावसाळ्यात खत करायचे ते जमिनीच्या वर, उंचवट्यावर. खाली फांद्या किंवा काटक्यांचा हातभर थर, वर कचऱ्याचे थर, आणि डोक्यावर पेंढ्याचे, झावळ्यांचे किंवा पत्र्याचे छप्पर. विहिरीपासून किमान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला.

सुका पाला हिवाळ्यात मिळतो आणि पावसाळ्यात मिळत नाही, ही दुसरी अडचण. फाल्गुनात अंगणात पडणारा पाला जाळू नये. पोत्यांत भरून माळ्यावर किंवा पडवीत ठेवावा. श्रावणातल्या ओल्या कचऱ्याला तो हवाच असतो. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची आपली जुनी चाल आहे. त्यात शेण आणि पाला जळून जातो आणि त्यातील नत्र व कर्ब धुरावाटे निघून जातो. त्यातला निम्मा जरी कुजवायला ठेवला तरी शेताचा फायदाच आहे.

हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना सरसकट नावे ठेवण्याचेही कारण नाही. बंद टाकीत त्यांना काम दिले तर ते जळाऊ वायू देतात. आपला गोबरगॅस म्हणजे हेच. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी याच तत्त्वावर स्वयंपाकघरातील कचऱ्यासाठी 'निसर्गऋण' प्रकल्प विकसित केला. त्यात कचऱ्याचा लगदा आधी गरम पाणी व हवा देऊन हवेवर जगणाऱ्या जंतूंकडून अर्धवट पचवून घेतात, मग बंद टाकीत सोडतात. आपल्या जिल्ह्यातील माथेरानलाही असा प्रकल्प उभारण्यात आला. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावरून हॉटेलांचा कचरा खाली वाहून नेण्यापेक्षा तो तेथेच पचवणे किती शहाणपणाचे, हे वेगळे सांगायला नको.

उघडा कचरा म्हणजे उंदरांची पंगत

कचरा कुजवला नाही आणि नुसता टाकला तर काय होते? माशी घाणीवर बसते आणि तेथून आपल्या ताटावर येते. उंदीर-घुशी वाढतात. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून माणसाच्या अंगात शिरतात. भातलावणीत दिवसभर चिखलात उभे राहणाऱ्यांना हा धोका सर्वांत जास्त. पावसाळ्यात जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि आपण चिखलात काम केल्याचे आवर्जून सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊन जिवावर बेततो.

मातीच बिघडली तर?

आता दुसरा प्रश्न. कचरा नव्हे, तर मातीच दूषित झाली असेल तर जंतू ती सुधारतील का? याचे उत्तर, 'काही बाबतींत होय'.

तेलाचे उदाहरण घ्या. खनिज तेल हेही मुळात फार जुन्या काळच्या सजीवांपासूनच बनलेले असते आणि ते खाणारे जंतू माती व समुद्रात निसर्गतः असतात. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्झॉन व्हाल्डीझ' हे जहाज खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात सांडले. तेथे सफाईच्या कामात एक साधा उपाय केला गेला. किनाऱ्यावर नत्र आणि स्फुरद असलेले खत टाकण्यात आले. तेल म्हणजे नुसता भात, जंतूंना डाळ मिळत नव्हती. ती मिळताच तेथलेच जंतू वेगाने तेल पचवू लागले. आपल्याकडे 'टेरी' या संस्थेने तेल खाणाऱ्या निवडक जंतूंचे 'ऑइलझॅपर' नावाचे मिश्रण तयार केले आहे. तेल कंपन्यांच्या गाळाने माखलेल्या जमिनींवर ते वापरले गेले आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेले तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्यांपर्यंत आणि कांदळवनांपर्यंत पोहोचले. वाळूवर हवा खेळते, म्हणून तेथे तेल लवकर पचते. खाजणातल्या काळ्या चिखलात हवाच नसते, तेथे ते वर्षानुवर्षे राहू शकते. नियम तोच : हवा नाही तर पचन मंद.

शेतात किंवा अंगणात डिझेल सांडले तर काय करावे? आधी माती टाकून ते पसरू देऊ नये. तेल मुरलेली माती खणून जाड प्लास्टिकवर, छपराखाली, वीतभर जाडीच्या थरात पसरावी. त्यात थोडे कुजलेले शेणखत व पेंढ्याचा चुरा मिसळावा, ओल राखावी आणि आठवड्यातून एकदा उलथावी. काही महिन्यांत वास कमी होतो. मात्र वास गेला म्हणजे माती शुद्ध झाली असे नाही. अशा मातीत भाजी लावू नये आणि तिच्यावर गुरे चारू नयेत. गॅरेजमधील जळक्या ऑइलला हा उपाय चालणार नाही. त्यात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूही असतात. ते कधीच जमिनीवर ओतू नये, डब्यात साठवून अधिकृत खरेदीदाराकडेच द्यावे.

जिथे जंतू हात टेकतात

आणि इथे आपण मूळ मुद्द्याला येतो. जंतू पदार्थ मोडून त्याचे साधे घटक करतात. पण शिसे, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्ये आहेत. त्यांना मोडायचे कशात? जंतू त्यांचे रूप बदलू शकतील, त्यांना नाहीसे करू शकणार नाहीत. उलट कचरा कुजून त्याचे वजन निम्म्यावर आले की धातू तेवढाच राहतो. म्हणजे खतात त्याचे प्रमाण वाढते! शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतासाठी आपल्या सरकारी मानकाने मर्यादा घातली आहे ती यासाठीच. एक किलो खतात शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

धातू शेतात गेला तर काय होते, याचा धडा जपानने दिला आहे आणि तो आपल्यासारख्या भात खाणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला खाण होती. तिच्यातील कॅडमियम नदीत, नदीतून भातशेतीत आणि भातातून माणसांत गेले. अनेक वर्षांनी तेथील लोकांची, विशेषतः वयस्क बायकांची, मूत्रपिंडे बिघडली आणि हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्याने मोडत. वेदनेने त्या 'इताई इताई' म्हणत, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. तेच त्या रोगाचे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने कारण मान्य केले. पण शेते सुधारण्यासाठी वरची माती हलवून नवी माती घालावी लागली आणि ते काम २०१२ साली संपले. खाण आधीच्या पिढ्यांनी चालवली, माती पुढच्या पिढ्यांनी बदलली.

मोहरी, सूर्यफूल यांसारख्या काही वनस्पती मातीतील धातू शोषून घेतात आणि त्यांचा उपयोग माती स्वच्छ करण्यासाठी करता येतो. पण त्याला कित्येक हंगाम लागतात आणि ती झाडे नंतर खाता येत नाहीत, गुरांना घालता येत नाहीत, खतातही टाकता येत नाहीत. धातू फक्त जागा बदलतो. म्हणून धातूवरचा खरा उपाय एकच : तो मातीत जाऊच न देणे.

कारखान्याच्या सांडपाण्याने शेत बिघडल्याची शंका असेल तर माती तपासून घ्यावी. रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे विचारणा करावी. मात्र नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू पाहतात, शिसे-कॅडमियम नव्हे. ती तपासणी वेगळी सांगून मागावी लागते.

घरोघरी पाळायचे नियम

१) घरात तीन डबे ठेवा. ओल्यासाठी, सुक्यासाठी आणि घातक कचऱ्यासाठी. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही हेच तीन भाग सांगितले. एकदा मिसळलेला कचरा पुन्हा वेगळा होत नाही.

२) सेल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, तुटलेला तापमापक, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या आणि जुनी औषधे यांना उकिरड्याची वाट दाखवू नका.

३) पेण परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. तेथील रंगाचे पाणी, थिनर आणि प्लास्टर खताच्या ढिगात जाता कामा नये. प्लास्टर कुजत नाही आणि रंगात धातू असू शकतात. निर्माल्यातील फुले-पाने जरूर घाला, पण आधी दोरा, चमकी आणि प्लास्टिक काढून.

४) मासळी-मटणाचा कचरा ढिगाच्या मध्यभागी पुरून वर वीतभर सुका पाला टाका, म्हणजे कुत्री-उंदीर उकरणार नाहीत. मेलेली जनावरे, माणसाची विष्ठा आणि लहान मुलांचे डायपर घरगुती ढिगात घालू नका.

५) प्लास्टिक जाळलेली राख खत नव्हे. चुलीतील स्वच्छ लाकडाची राख मात्र थोडी घालण्यास हरकत नाही.

खत हाताळताना

कच्च्या खताच्या जागी धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून अनवाणी जाऊ नका, हातमोजे व गमबूट घाला आणि धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घ्या. जखम असेल तर ती झाकून मगच कामाला लागा. कोरडा ढीग उलथताना बुरशीची धूळ उडते. दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे, इतरांनी ढिगावर आधी पाणी शिंपडून नाका-तोंडाला फडके बांधावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. कच्चे खाल्ले जाणारे मुळा, काकडी, कोथिंबीर यांना पुरते कुजलेलेच खत द्यावे.

वाचकहो, कुजवणारे जंतू हे बिनपगारी मजूर आहेत. त्यांना भात-डाळ, पाणी आणि हवा द्या, ते घाणीचे सोने करतील. पण सेल आणि रंगाचा डबा त्यांच्या पुढ्यात टाकून त्यांनी तो पचवावा ही अपेक्षा ठेवू नका. त्यांना जे पचत नाही ते मातीत राहते, मातीतून भातात येते आणि शेवटी आपल्याच मुलाबाळांच्या ताटात. उद्या सकाळी केर भरताना एवढे आठवले आणि एक सेल जरी उकिरड्यात जायचा वाचला, तरी पुष्कळ झाले.